पश्चिमेच्या भिंतीला भुशाचा गिलावा

वैशाखातल्या एखाद्या रात्री, जेवणखाण आटोपल्यावर, आपल्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून पाहावा. घर विटा-सिमेंटचे असेल तर भिंत ताप आलेल्या पोराच्या अंगासारखी लागेल. सूर्य मावळून दोन तास झालेले असतात, अंगणात वारा सुटलेला असतो, आणि घरात मात्र पाठ टेकवत नाही. असे का होते? नऊ इंची विटेच्या भिंतीतून ऊन आत यायला सहा-सात तास लागतात. दुपारी तीन-चारला बाहेरच्या अंगाने भिंत जे ऊन पिते, ते ती रात्री नऊ-दहाला आतल्या अंगाने ओकू लागते.

पुरुषमाणसे खाट उचलून अंगणात जातात. त्यांचे निभते. पण घरात बाळंतीण असते, अंथरुणाला खिळलेली म्हातारी असते, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी असते. त्यांना त्याच खोलीत रात्र काढावी लागते. उष्माघात उन्हात राबणाऱ्यालाच होतो असे आपण समजतो. पण दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीही गारवा मिळाला नाही, तर घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही तो गाठतो. म्हणून हा विषय नुसत्या सोयीचा समजू नये. खर्च थोडा आहे, मेहनत बरीच आहे, आणि लागणारे बहुतेक सामान आपल्याच खळ्यावर पडलेले आहे.

“आमचे जुने मातीचे घर किती गार होते!” असे घरोघरी ऐकू येते. ते खोटे नाही. पण ते घर आपण का सोडले, हेही विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदाची जड माती अंगावर येऊन. त्यानंतर लोकांनी विटा-सिमेंटची घरे मागितली, यात काही चुकले नाही. तेव्हा घर पक्केच राहू द्यावे. जुन्या घराचा जो गुण या घराला लावता येतो, तेवढा घ्यावा. तो गुण म्हणजे आतल्या बाजूने भुशाच्या मातीचा जाड, हलका गिलावा. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. या गिलाव्याने भिंत मजबूत होत नाही. भिंतीला तडा गेला असेल तर आधी गवंड्याला दाखवावा. तडा मातीने झाकणे म्हणजे दुखणे पदराखाली लपवणे आहे.

माती गार नसते, भुसा गार असतो

गोधडी अंगावर घेतली की ऊब येते. ती ऊब चिंध्यांत नसते, चिंध्यांच्या थरांत अडकलेल्या हवेत असते. कोंडलेली हवा उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. गव्हाचे काड आतून पोकळ, भाताचे तूस होडीसारखे वाकलेले. अशा लाखो पोकळ्या मातीने एकमेकींना चिकटवल्या की भिंतीला जणू गोधडी पांघरली.

नुसत्या चिखलाचा दोन इंची थर दिला तर तो फार तर दोन इंच विटेइतकेच ऊन अडवतो. म्हणजे श्रम वाया. तोच दोन इंची थर भुसा भरपूर घालून हलका केला, तर साधारण सहा-सात इंच विटेच्या भिंतीएवढे काम करतो. पुष्कळ जण अर्धा इंच लिंपतात, वर सुंदर सारवतात आणि “काही फरक पडला नाही हो” म्हणतात. अर्ध्या इंचाने फरक पडणारच नाही. जाडी हवी आणि हलकेपणा हवा.

पण त्याहीआधी वर पाहावे. घरावर उघडे पत्रे असतील तर निम्म्याहून अधिक ऊन डोक्यावरून येते आणि भिंतीशी झटापट करून फारसे साधत नाही. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे किंवा चटयांचे आढे करावे, पत्रा व आढे यांत वीतभर जागा सोडावी, दोन्ही टोकांनी हवा खेळू द्यावी. पत्र्याला वरून चुना मारावा. स्लॅब असेल तर त्यालाही उन्हाळ्याच्या तोंडी दाट चुना द्यावा. पश्चिमेला पडवी काढता आली तर उत्तमच. सेवाग्रामची बापूकुटी ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिच्या मातीच्या भिंती आठवतात, पण त्या भिंतींवर ऊन पडू न देणारे खाली उतरलेले छप्पर आणि पडवी सहसा आठवत नाही. पडवीला जागा नसेल तर मांडव घालून दुधी, दोडका, तोंडली चढवावी. हे सारे झाल्यावरही जी भिंत रात्री गरम लागेल, तिला गिलावा द्यावा. घरभर देण्याची गरज नाही. बहुतेक घरांत पश्चिमेची एक भिंत पुरते, क्वचित दक्षिणेची.

कोकणातल्या वाचकांनी इथे थांबून विचार करावा. तुमच्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड बसते. भिंतीत ओल शिरली की आतला भुसा कुजणार. त्या भिंतीला बाहेरून पडवीचा आडोसा असेल तरच हे काम करावे. घाटावर, मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात ही अडचण कमी. तिथेही ज्या भिंतीला लोणा लागला आहे, पोपडे सुटत आहेत, पलीकडे मोरी किंवा पाण्याची टाकी आहे, त्या भिंतीला भुशाची माती लावू नये. आधी ओल कुठून येते ते शोधून बंद करावे आणि एक पावसाळा भिंत कोरडी राहते का ते पाहावे.

माती कोणती, काड कोणते

काळी माती एकटी चालत नाही. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशाच भिंतीला पडतील. तांबडी, चिकट, खडे नसलेली माती उत्तम. काळीच जवळ असेल तर तिच्यात बारीक वाळू किंवा चाळलेला मुरूम मिसळावा. पांढरीची माती पूर्वी लोक आवडीने वापरत, पण जुन्या गावठाणाच्या मातीत क्षार असतात आणि ते पुढे भिंतीवर फुलतात. शिवाय पांढरीचे टेकाड म्हणजे नुसती माती नव्हे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची कुडा-मातीची घरे हाती लागली. आपल्या गावच्या पांढरीखाली काय आहे कोणास ठाऊक. तिला कुदळ न लावलेली बरी.

माती पारखायला काचेची बरणी घ्यावी. तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ. खूप हलवून ठेवून द्यावी. पहिल्या मिनिटात जी खाली बसते ती वाळू, नंतर तासाभरात बसतो तो गाळ, आणि सर्वांत वर दुसऱ्या दिवसापर्यंत सावकाश बसते ती चिकण. चिकण अगदी पातळ दिसली तर ती माती भुशाला धरून ठेवणार नाही. दुसरी परीक्षा हाताची. ओल्या मातीची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती वाकवावी. लगेच तुटली तर माती भुरभुरीत, वाकून बारीक चिरा पडल्या तर कामाची, मेणासारखी वळली तर फार चिकट. फार चिकट मातीची हलक्या गिलाव्याला भीती नसते, कारण भुसा तिला आवरतो.

आता काड. ज्वारीचा कडबा भिंतीत घालू नये, तो जनावरांच्या तोंडचा घास आहे. भाताचे तूस सर्वांत सोयीचे, कारण ते कोणी खात नाही आणि गिरणीवर मिळते. पण नुसत्या तुसाने पकड येत नाही, त्यात काही लांब धागा हवा. गव्हाचे काड कडबाकुट्टीतून दीड-दोन बोटे कापून घ्यावे, किंवा तागाचे, अंबाडीचे तंतू तोडून मिसळावेत. तूस दोन भाग आणि काड एक भाग, असे जमते. काड कोरडे, पिवळे, कुबट वास नसलेले घ्यावे आणि पाखडून दाणे काढावेत. दाणा राहिला तर भिंतीतून गहू उगवतो, आणि उंदीर त्या दाण्यासाठी भिंत पोखरतो. काड कापताना, पाखडताना नाकातोंडाला फडके बांधावे.

हा काही आजचा शोध नाही. अजिंठ्याची चित्रे ज्या गिलाव्यावर काढली आहेत, त्या मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड हजार वर्षांची माती! अर्थात तिथे खडकाचे छप्पर आहे, तेव्हा आपल्या भिंतीकडून तेवढी अपेक्षा नको.

मिश्रणात गूळ, हिरडा, बेलफळ घालावे का, असे काही जण विचारतात. ते चुन्याच्या गिलाव्याचे साहित्य. मातीच्या गिलाव्यात गूळ घालणे म्हणजे मुंग्यांना आवतण.

कालवणे आणि मुरवणे

दहा फूट लांब, दहा फूट उंच भिंतीला दोन इंचाचा थर द्यायचा तर तयार माल साधारण चाळीस घमेली लागतो. त्यात अडीचशे किलोच्या आसपास माती आणि साठ-सत्तर किलो तूस-काड जाते. वाळल्यावर हा थर सव्वातीनशे किलो भरतो. पायावर उभ्या असलेल्या नऊ इंची भिंतीला हे ओझे जड नाही. चार इंची आडभिंतीवर मात्र एवढा भार टांगू नये.

माती चाळून खड्ड्यात किंवा जुन्या टाकीत दोन दिवस भिजत घालावी. मग पाणी घालून पिठल्याएवढी दाट, गुठळी नसलेली करावी. त्यात तूस-काड घालत जावे आणि तुडवावे. मापाने सांगायचे तर मातीच्या एका घमेल्याला भुशाची तीन ते चार घमेली. प्रत्येक काडीला माती लागली पाहिजे, पण माती निथळून खाली साचता कामा नये. तुडवायचे काम पुरुषांनी आणि तरण्या पोरांनी करावे. सारवण-लिंपण म्हणजे बायकांचे काम, असे म्हणून अख्खे काम त्यांच्या गळ्यात घालण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. हे पाच-सात मण ओझ्याचे काम आहे. मात्र माती कितपत ओली हवी, हात कधी फिरवायचा, हे घरातल्या जाणत्या बाईला विचारावे. गवंड्यापेक्षा तिला ते अधिक कळते.

मिश्रण ओल्या पोत्यांनी झाकून चार-पाच दिवस मुरू द्यावे, रोज एकदा उलटावे. वास येईल, त्याला घाबरू नये, वाळल्यावर तो जातो. मुरलेली माती चिकट होते आणि भिंतीला सोडत नाही.

आता हलकेपणाची परीक्षा. एक लिटरच्या मापात मिश्रण दाबून भरावे, ती वडी उलटी काढून उन्हात पूर्ण वाळवावी आणि किराणा दुकानात वजन करावे. सातशे-आठशे ग्रॅम भरली तर ठीक. किलोच्या वर गेली तर भुसा कमी पडला. पाचशेच्या खाली आली तर हाताने चुरा होईल, माती वाढवावी. शिवाय भिंतीवरच एका कोपऱ्यात हातभर चौकोनाचे दोन-तीन निरनिराळे नमुने लावून आठवडाभर पाहावेत. ज्याला भेग नाही आणि जो ओढून निघत नाही, तो नमुना आपला. हे पंधरा दिवस थांबणे जिवावर येते खरे, पण पुरी भिंत खाली आल्यावर होणारा मनस्ताप त्याहून मोठा असतो.

भिंतीवर चढवणे

हंगाम पौष ते फाल्गुन. थंडी ओसरत असते, हवा कोरडी असते, आणि होळीपर्यंत भिंत वाळून उन्हाळ्याला तयार होते. पावसाळ्यात हे काम मुळीच काढू नये.

भिंतीवरचा ऑइलपेंट किंवा डिस्टेंपर खरवडून काढावा. गुळगुळीत सिमेंटवर माती थांबत नाही, म्हणून छिन्नीने दोन-दोन बोटांवर टाचे मारावेत. त्यावर बांबूच्या कामट्या आडव्या, वीत-वीत अंतराने खिळ्यांनी पक्क्या ठोकाव्यात. कामटी आणि भिंत यांत बोटभर फट राहिली तर माती मागे शिरून घट्ट धरते. सह्याद्रीच्या पट्ट्यात कारवीच्या कुडाला माती कशी धरते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सांगायला नको.

विजेच्या वायरींबाबत हयगय नको. उघड्या वायरी भुशाच्या मातीत पुरू नयेत. काम सुरू करण्याआधी मेन बंद करून वायरमनकडून त्या पाइपातून घालून घ्याव्यात आणि बोर्ड दोन इंच पुढे काढून घ्यावा. चुलीमागच्या भागाला भुसा न घालता साध्या मातीचा थर द्यावा.

जमिनीपासून एक फूट उंचीपर्यंत भुशाची माती लावूच नये. तेवढी पट्टी चुन्याच्या किंवा सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्याची ठेवावी. फरशी धुताना उडणारे पाणी भुशापर्यंत पोचत नाही हा एक फायदा. दुसरा अधिक मोठा. वाळवी जमिनीतून मातीची नळी करत वर चढते, ती या मोकळ्या पट्टीवर ताबडतोब दिसते. आठवड्याला झाडू फिरवताना नजर टाकावी, नळी दिसली की मोडावी आणि मूळ शोधावे. कडुनिंबाचा पाला मातीत घातला की वाळवी येतच नाही, या भरवशावर राहू नये.

भिंत ओली करून आधी पातळ मातीचा हात द्यावा. तो ओला असतानाच मिश्रणाचे गोळे खालून वर, जोराने थापत न्यावेत आणि तळव्याने दाबावेत. पहिला थर एक इंचाहून कमी. तो गुळगुळीत करू नये, बोटांनी आडवे-तिडवे ओरखडे काढून ठेवावेत. आठ-दहा दिवसांनी तो बोटाने दबेनासा झाला की पाणी शिंपडून दुसरा, आणि तसाच तिसरा. ओळंबा लावून पाहावे, नाही तर भिंत गर्भार दिसते. सगळे एका दिवसात उरकण्याची घाई केली तर बाहेरून कोरडा आणि आतून ओला असा थर होतो, आणि मग आतून कुजतो. खिडक्या-दारे उघडी ठेवावीत. वाळताना पांढरी बुरशी आली तर कोरड्या ब्रशाने झाडून चुन्याची निवळी मारावी आणि हवा वाढवावी. थरावर केसासारख्या भेगा पडल्या तर बिघडत नाही, पुढच्या थराला त्या पकड देतात.

शेवटचा हात पाव इंचाचा. बारीक चाळलेली माती, बारीक वाळू, ताजे शेण आणि मूठभर तूस एकत्र मळून लाकडी रंधा फिरवावा. तो पूर्ण वाळला की पातळ चुन्याचे दोन-तीन हात. कळीचा चुना घरी विरवत असाल तर मुलांना दूर ठेवावे, चुन्यावर पाणी ओतताना तोंड वळवावे. डोळ्यात उडाला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि तडक दवाखाना गाठावा. वरून ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिकचा रंग कधीही देऊ नये. भिंतीतला दमटपणा बाहेर पडायचा रस्ता त्याने बंद होतो आणि आतला भुसा सादळतो.

भेगा बुजवायच्या म्हणजे बुजवायच्या

या गिलाव्याला वर्षातून एकदा हात लागतो, हे आधीच समजून घ्यावे. ज्यांना तेवढी फुरसत नाही त्यांनी या भानगडीत पडू नये, पडवी आणि वेलाचा मांडव करून थांबावे. भेगाळलेली, पोपडे सुटलेली मातीची भिंत पक्क्या भिंतीपेक्षा वाईट. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाच्या नावाचा विषाणू १९६५ मध्ये सापडला. त्याने मुलांना मेंदूचा ताप येतो आणि पोर एक-दोन दिवसांत हाताबाहेर जाऊ शकते. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि आपल्याकडे, २०२४ मध्ये गुजरातेत त्याच्या साथीत मुले दगावली. तो पसरवते वाळूमाशी, डासाहूनही लहान. ती भिंतीच्या भेगांत, दमट अंधाऱ्या जागेत, गोठ्याच्या आसपास दबा धरून असते. म्हणून मातीची भिंत घरात घेणाऱ्याने भेग दिसली की बुजवलीच पाहिजे आणि चुना चुकवता कामा नये. गोठ्याला लागून असलेल्या खोलीला हा गिलावा न दिलेलाच बरा. लहान मुलाला अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके आले तर अंगारे-धुपारे न करता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

दुरुस्तीसाठी दोन-तीन घमेली मिश्रण वड्या करून वाळवून कोरड्या जागी ठेवावे. दिवाळीच्या साफसफाईत भेग ओली करायची, वडी फोडून भिजवून तीत दाबायची आणि वर चुन्याचा हात फिरवायचा. अर्ध्या दिवसाचे काम आहे. खुंट्या आणि खिळे मात्र गिलाव्यात ठोकू नयेत. फोटो, घड्याळ, दप्तर टांगायचे असेल तर काम सुरू असतानाच मागच्या विटेच्या भिंतीत लांब खुंट्या बसवून घ्याव्यात.